कुंकू लागलेली चक्की

१२ मार्च १९९६, मंगळवार

चक्कीसाठी दिल्लीला बँकेचा ड्राफ्ट पाठवला. ह्यांना पाठवल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर पंचांग उघडून बसले असते. पैसे माझे, पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे, तेव्हा विचारायचं कारणच नव्हतं.

येत्या जूनमध्ये अधिकमास आहे. देशावरून यात्रेकरू काशीला लोटणार, घाटावर तेहतीस-तेहतीस अनारशांचं दान देणार. बनारसच्या हलवायाला अनारसा ठाऊक आहे, सोवळं ठाऊक नाही. म्हणून मंडळी आमचा दूधविनायक मोहल्ला विचारत येतात. सांगलीहून यात्रा आणणारे बाळ आपटे कार्तिकात आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, या वेळी महिनाभर रोजचे अनारसे तुमच्याकडून. जमेल ना?" मी जमेल म्हणून बसले. पण ओले तांदूळ दळायचे कुठे? मोहल्ल्यातला चक्कीवाला ओले तांदूळ पाहिले की हात जोडतो, आणि त्याच्या चक्कीत सगळ्या जगाचं बेसन.

आमच्या लेकीने, कस्तुरीने, विद्यापीठातल्या मैत्रिणीकडून 'सर्वसुलभ'चं पुस्तक आणलं होतं. दिल्लीची कंपनी. दर पानावर निराळ्या कारखान्याचा माल, पैसे मात्र दिल्लीला कंपनीच्या नावाने धाडायचे. घरगुती विजेची चक्की आहे. खाली छापलंय, 'दाम सब कर सहित. पसंद नहीं तो सात दिन में दाम वापस, शर्त यही कि माल इस्तेमाल न हुआ हो.' याहून काय पाहिजे?

हे एवढंच म्हणाले, "न पाहता वस्तू घ्यायची म्हणजे पत्रिका न पाहता मुलगी देण्यासारखं." आमची पत्रिका जुळली होती म्हणे. काय दिवे लागले ते मलाच ठाऊक.

१७ एप्रिल, बुधवार

चक्की आली! दिल्लीच्या कंपनीचे इथले एजंट केसरी म्हणून आहेत, त्यांच्या गोदामातून सोडवून आणली. सोडवूनच म्हणायला हवं, कारण त्यांनी मालभाडं तर घेतलंच, वर बिक्रीकरही मागितला.

मी म्हटलं, "दाम सब कर सहित लिहिलंय."

"ऊ दिल्ली का कर है माताजी. यह यूपी का है."

"पुस्तकात यूपी सोडून असं कुठे लिहिलंय?"

केसरींनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि हात पसरून बसले. हमाल बाहेर खोळंबलेला. दिला कर. पावती मात्र घेतली, आणि 'बिक्रीकर' असं स्वच्छ अक्षरात लिहवून घेतलं. हे म्हणाले, पावतीचं लोणचं घालणार का? घालीन.

गल्लीत गाडी येत नाही, हमालाने डोक्यावरून आणली. वाटेत दोन सांडांनी रस्ता अडवला होता. खोकं अजून उघडलं नाही. हे म्हणाले, परवा नाही तेरवा अक्षय्य तृतीया, त्या दिवशी पूजा करून मगच हात लावायचा.

२० एप्रिल, शनिवार, अक्षय्य तृतीया

लिहवत नाही इतका संताप झालाय.

सकाळी मुहूर्तावर खोकं कापलं. चक्की पांढरीशुभ्र, झाकण पितळी कडीचं. ह्यांनी झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, बाजूंना हळदीची बोटं उमटवली, फूल वाहिलं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मग मी झाकण उघडलं. आतला वरचा दगड मधोमध तडकलेला, दोन तुकडे सरळ हातात आले. वीज लावायचा प्रश्नच नव्हता.

मी तिथल्या तिथे म्हटलं, परत पाठवायची. तर हे म्हणतात, "पूजलेली वस्तू परत करत नाहीत."

"फुटकी वस्तू पूजायला लावली कुणी? आधी झाकण उघडू दिलं असतंत तर?"

"पूजेआधी यंत्राला हात लावायचा नसतो."

"मग हात दाखवून अवलक्षण झालं ते!"

ह्यांनी जपमाळ काढली. ह्यांनी जपमाळ काढली की मला जास्त राग येतो. भांडायला समोर माणूस तरी हवा.

दिल्लीला रजिस्टर पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी टाकते. सात दिवसांत म्हणजे सात दिवसांत.

९ मे, गुरुवार

केसरी पाहणी करायला आले. चपला काढून चक्कीपुढे हात जोडले, तेव्हा वाटलं माणूस बरा आहे. फुटका दगड पाहिला, स्वस्तिक पाहिलं, डायरीत काहीतरी टिपलं. म्हणाले, "आप निश्चिंत रहिए माताजी." सरबत पिऊन गेले.

मी निश्चिंत आहे. एकदा सुद्धा न वापरलेली वस्तू आहे, निश्चिंत न राहायला काय झालं?

२८ मे, मंगळवार

दिल्लीचं पत्र. इंग्रजीत. कस्तुरीने वाचून दाखवलं, दोनदा. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

म्हणे यंत्रावर हळदीचे डाग आढळले, त्या अर्थी यंत्रात हळकुंडं दळण्यात आली, हळकुंडं टणक असल्यामुळे दगड तडकला, ही ग्राहकाची चूक आहे. वापरलेला माल परत घेतला जात नाही. शिवाय चक्की बनवणारा कारखाना वेगळा, आम्ही फक्त पुस्तक छापतो, भांडायचं तर कारखान्याशी भांडा. शिवाय काही वाद असेल तर तो दिल्लीतच चालेल. आणि समजा उद्या कृपा म्हणून दाम परत केलेच, तरी कर आणि भाडं मिळणार नाही, कारण कर सरकारकडे गेला.

विक्रीच मोडली तर विक्रीवरचा कर कुठला? लग्न मोडल्यावर आहेर ठेवून घ्यायची ही रीत कुठली?

पण ते सगळं मी एक वेळ सोसलं असतं. या कंपनीवाल्यांनी मला खोटी म्हटलंय. कालिंदीबाईने हळद दळली आणि न दळल्याचं सांगितलं, असं सरळ लिहिलंय, खाली सही-शिक्क्यासकट. या घरातली चूल शब्दावर चालते. हे घाटावर पौरोहित्य करतात, माणसं संकल्प सोडतात ती ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून. पैसे गेले तर गेले, पण 'वापरली' हा शब्द मी त्यांना परत घ्यायला लावणार.

हे म्हणाले, "अगं, जाऊ दे. आपट्यांना नाही म्हणून कळव, मोकळी हो."

म्हणजे नवऱ्यानेही बाजू सोडली. ठीक आहे. आपण एकट्या.

३ जून, सोमवार

कस्तुरीने शोधून काढलं, कचेरीत ग्राहकांचं न्यायालय आहे, इथे त्याला उपभोक्ता फोरम म्हणतात. "आई, फीस नाही लागत, वकील पण जरूरी नाही. बस, अर्जी लिही."

लिहिली. स्वतःच्या हाताने, हिंदीत. पहिली तीन पानं कस्तुरीने फाडली, कारण त्यात दिल्लीवाल्यांच्या सात पिढ्या आल्या होत्या. चौथं पान तिच्या पसंतीला उतरलं. दोघी रिक्षाने जाऊन देऊन आलो. तिथला बाबू म्हणाला, मशीन जैसी है वैसी रखिए, पोंछिए मत, वही सबूत है.

आल्या आल्या चक्कीवर मोठी टोपली पालथी घातली. आता त्या कुंकवाला कुणी बोट लावून दाखवावं.

१९ जून, बुधवार

अधिकमास लागला. आपट्यांना 'नाही' म्हणून कळवलं नाही. कळवणारही नाही. दिल्लीवाल्यांनी माझी चक्की फोडली, माझा शब्द का फुटावा?

कोपऱ्यावरच्या दत्ताच्या मठात जुनं दगडी उखळ आहे, ते मुसळासकट तिथेच वापरायची परवानगी घेतली. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत कोरडे करून ठेवते. दुपारी मठात जाऊन कांडते. आज पहिल्या दिवशी खांदे गळून गेले. अर्ध्यावर सोडलं, उरलेले तांदूळ तिथेच झाकून आले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "झेपेल तेवढंच कर." एवढं म्हणायला काय जातं?

२३ जून, रविवार

कस्तुरी गुणाची पोर आहे. तोंडाने काही म्हणत नाही, पण मी दुपारी मठात जाते तर झाकलेल्या तांदळातले निम्मेअधिक कांडून, चाळून ठेवलेले असतात. कॉलेजला जाता जाता करत असणार. विचारलं तर हसली आणि म्हणाली, "आई, तू पण ना!" लाजते.

हे मात्र अधिकमासाचं पुण्य जोडायला अंधार असतानाच दुर्गाघाटावर स्नानाला जातात आणि उन्हं वर आली तरी परतत नाहीत. परवा पूजा सांगताना यजमानापुढे डुलक्या घेत होते म्हणे. या वयात एवढं उग्र स्नान कशाला करावं माणसानं!

२ जुलै, मंगळवार

केसरी आले होते. वाटेवरून जात होतो, खुशबू आली, म्हणाले. वास चांगला सुटलाच होता. तूप साजूक, खसखस भरपूर. दोन अनारसे दिले, तिसरा त्यांनी मागून घेतला. विचारू लागले, "रोज केतना बन जाला, माताजी?" मीही सांगितलं छाती काढून, अमुक इतके, आणि एकही यात्रेकरू आजवर विन्मुख गेला नाही. ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मनाला लागलं असणार बिचाऱ्याच्या. त्या पत्रात त्याचा काही दोष नसावा.

ह्यांच्या दोन्ही तळहातांना फोड आलेत. विचारलं तर म्हणाले, नावेचा दोर लागला. पूजा सांगणाऱ्या माणसाने नावेचे दोर ओढावेत कशाला? मल्लाह मेलेत का सगळे? हळद-तूप लावून दिलं आणि दोन शब्द सुनावले.

१६ जुलै, मंगळवार

काल अधिकमास संपला. आपटे नमस्कार करून गेले. एकही दिवस चुकला नाही. मी स्वतःवर खूश आहे, तसं लिहून ठेवायला माझी मला लाज वाटत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

फोरमची दुसरी तारीख. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आलंच नव्हतं. आज कोटवाले वकील आले ते नवी तारीख मागायला. आणि जाता जाता एक नवीन खुसपट, की मी चक्की धंद्यासाठी घेतली, म्हणून मी ग्राहकच नव्हे. मी उभी राहून म्हटलं, "अपने हाथ से कूटती हूँ, अपने हाथ से तलती हूँ. नौकर एक नहीं. पेट पालने को धंधा कहते हैं क्या?" अध्यक्ष निवृत्त जज्ज आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांच्या शेजारच्या सदस्यबाई म्हणाल्या, कानून में स्वरोज़गार की छूट है, वकील साहब. वकिलाने मान हलवली, पण मान हलवताना हसला. ते हसू मला आवडलं नाही.

पुढची तारीख १८ सप्टेंबर, चक्की घेऊन या म्हणाले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आमचा गणपती दीड दिवसाचा. आज उत्तरपूजा झाली, मूर्ती किंचित उत्तरेला सरकवली. आणि हे तिथून उठले ते अक्षता घेऊन थेट चक्कीपाशी गेले. टोपली उचलली, अक्षता वाहिल्या, चक्कीही बोटभर उत्तरेला सरकवली. मी हातातलं तबक खाली ठेवलं.

"हे काय?"

"उद्या कचेरीत जायचंय ना तिला? देवत्व घेऊन कचेरीत जाऊ नये."

पूजलेली वस्तू परत करत नाहीत म्हणणारे हेच. मी कुंकवाला धक्का लागला नाही ना, ते पाहून घेतलं.

आज शहरभर विश्वकर्मापूजा. छापखाने, यंत्रमाग, सायकलची दुकानं, सगळं बंद. रिक्षावालेसुद्धा रिक्षा धुऊन, हार घालून कडेला बसलेत. उद्या तरी कुणी येवो.

१८ सप्टेंबर, बुधवार

सगळं लिहायचं आहे, क्रमाने लिहिते.

सकाळी पाऊस. हमालाने चक्की गल्लीतून बाहेर काढली, ट्रॉलीवर ठेवली. हे छत्री घेऊन ट्रॉलीच्या बाजूने चालत निघाले. छत्री चक्कीवर, आणि स्वतः नखशिखांत भिजलेले. मी आणि कस्तुरी मागे रिक्षात, आमच्यावर टपाची धार. मी म्हटलं, बघ, बायकोपेक्षा चक्कीची काळजी जास्त. कस्तुरी म्हणाली, "आई, तू खरंच काही बघत नाहीस." मी सगळं बघते.

वकिलाने सुरुवात केली. "श्रीमान, हल्दी साफ़ दिखाई दे रही है. हल्दी की गाँठें पीसीं, पत्थर टूटा, अब दाम वापस चाहिए."

मी म्हटलं, "हल्दी पीसी होती तो अंदर होती. झाकण के ऊपर कौन पीसता है? यह पूजा का हल्दी-कुंकू है." 'झाकण' मराठी आहे हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

"यही तो, श्रीमान. पूजा करके मशीन चालू की. जहाँ पूजा का निशान, वहाँ इस्तेमाल."

तेवढ्यात माझी कोपऱ्यात नजर गेली. तिथे बाबू टाइप करत होता. त्याच्या टाइपरायटरवर कालचा झेंडू, आणि कपाळपट्टीवर शेंदराचं स्वस्तिक. म्हणजे होतं. सकाळपासून काम करता करता त्याच्या हाताने अर्धं पुसून गेलं होतं.

मी विचारलं, "बाबूजी, कल इस मशीन पर कितना टाइप किया?"

तो दचकला. "कल? कल त विश्वकर्मा पूजा रहल, माताजी. कल मशीन को कौन छूता है?"

"और यह पोंछा किसने?"

"पोंछा नहीं. चलाने से मिट गया, सबेरे से."

मी अध्यक्षांकडे वळले. "साहब, आपकी मशीन आधा दिन चली तो निशान आधा गया. मेरी पाँच महीने से घर में है. आकर देख लीजिए, एक रेषा कम हुई हो तो."

अध्यक्ष खरोखर उठून आले. सदस्यबाईही आल्या. स्वस्तिक ह्यांनी अक्षय्य तृतीयेला काढलं तसंच होतं, चारही टिंबांसकट. अध्यक्षांनी झाकण उघडून आत बोट फिरवलं, बोट पाहिलं. कोरडं, स्वच्छ. लोक हसायला लागले, वकील नाही हसला. मला वाटलं, जिंकले.

मग त्याने कागद काढला. केसरींचं निवेदन. पूर्ण अधिकमासात या बाईंनी रोज इतके इतके अनारसे विकले, स्वतः कबूल केलंय. "श्रीमान, यह बारीक आटे की चीज़ है. इतना आटा रोज, बिना चक्की के? ढक्कन पोंछकर कुमकुम तो कोई भी दुबारा लगा ले."

माझे तीन अनारसे खाऊन गेला होता मेला! आणि मीच आकडा हातात दिला होता.

"ऊखल में कूटा," मी म्हटलं. "हाथ से."

"अकेली?"

"मैं और मेरी बेटी."

वकील कस्तुरीकडे वळला. "बेटी, आपने कूटा?"

मी निश्चिंत होते. कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "नहीं."

भर कोर्टात, सगळ्यांदेखत मी खोटी ठरले. वकील म्हणाला, बस, श्रीमान, और कुछ नहीं पूछना. पीठ तर होतं, मग कांडलं कुणी? वाटलं, दत्तानेच येऊन कांडलं की काय.

मागच्या बाकावरून ओल्या धोतराचा आवाज आला. हे उभे राहिले होते.

"मैंने कूटा."

वकिलाने वर-खाली पाहिलं. भस्म, शेंडी, भिजलेलं उपरणं. "पंडितजी, आपने? औरतों का काम?"

मागे कुणीतरी हसलं. त्यात ह्यांचा एक यजमानही होता, लंका मोहल्ल्याचा, तारखेला आलेला. ह्यांनी त्याला पाहिलं, आणि तरी सांगितलं. रोज पहाटे, घाटावर जाण्याआधी, मठाच्या उखळात, अधिकमास संपेपर्यंत. मठाचे महाराज साक्ष देतील. "पुरुषोत्तम मास था. पुरुष ने कूट लिया तो क्या पाप हो गया?" आणि दोन्ही तळवे पुढे केले. फोड केव्हाच बसले होते. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, हमालाच्या हाताला असतात तसे.

नावेचा दोर म्हणे.

सदस्यबाईंनी ते हात पाहिले आणि लिहून घेतलं. निकाल पुढच्या तारखेला. चक्की ट्रॉलीवरून परत धाडली आणि येताना तिघं एका रिक्षात बसलो. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि कंपनीच्या वकिलासमोर मी रडणार नव्हते. तो आमच्या मागच्याच रिक्षात होता.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विचारलं, मला का नाही सांगितलंत?

म्हणाले, "तू भांडत होतीस. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

एवढे दिवस मी या वहीत लिहीत बसले की आपण एकट्या. मी ते पान फाडणार होते. नाही फाडत. राहू दे, माझी अक्कल मला पुढे वाचायला.

९ ऑक्टोबर, बुधवार

निकाल लागला. हे पितृपक्षाच्या श्राद्धांत अडकले होते, मी आणि कस्तुरी गेलो. अध्यक्षांनी वाचून दाखवला. पैसा जिसने लिया, जवाब वही देगा, कारखाना ढूँढना ग्राहक का काम नहीं. पैसे बनारसच्या बँकेतून दिले, कर बनारसात वसूल केला, म्हणून वाद बनारसातच चालेल. 'सब कर सहित' छापून वर कर घेणं गैर. दाम, कर, भाडं, सगळं परत, वर खर्च. आणि परिवादिनीबद्दलचं, म्हणजे माझ्याबद्दलचं, एक वाक्य मी बाबूकडून मुद्दाम उतरवून घेतलं. 'परिवादिनी ने मशीन का उपयोग नहीं किया, उसका कथन सत्य है.'

सत्य है. घाटावर जाऊन ह्यांना सांगितलं. पिंडाला हात लागलेले होते, मान हलवून नुसतं बरं म्हणाले. पण यजमानाला पुढचा मंत्र जरा मोठ्याने सांगितला, ते मी ऐकलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

केसरी ड्राफ्ट घेऊन आले. पाहिला तर नुसते दाम. कर नाही, भाडं नाही.

"कंपनी ने एतने भेजा है. ले लीजिए माताजी, काहे कोरट-कचहरी. हम गरीब एजेंट."

"तीन अनारसे खाये थे," मी म्हटलं, "उनका हिसाब छोड़ती हूँ. बाकी पूरा लाइए, तब चक्की उठाइए."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, पंडितजी तरी ऐकतील म्हणून. हे देवघरात गंध उगाळत होते. वळले सुद्धा नाहीत. "केसरीजी, टैक्स भी. और भाड़ा भी."

चक्की आज गेली नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सगळं आलं. करसुद्धा, त्यासाठी निराळा ड्राफ्ट. पावतीवर सही करायच्या आधी निकालाचा कागद समोर ठेवून ताडून पाहिलं. केसरींनी चक्की उचलण्याआधी सवयीने हात जोडले. मी म्हटलं, आता नुसती फुटकी चक्की आहे ती, खुशाल न्या. कुंकू तेवढं त्यांच्या सदऱ्याला लागलं.

कोपरा रिकामा झाला. पुढचा अधिकमास तीन वर्षांनी, पण संक्रांत आहे, शिमगा आहे, यात्रेकरू बारा महिने आहेत. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "उद्या चौकात जाऊन दुकानातली बघून येते."

मला वाटलं, पंचांग काढतील. हे म्हणाले, "आधी झाकण उघडून बघ. दगड बघ. चालवून बघ. मग घरी आण, मी पूजा करतो."

"शास्त्र?"

"शास्त्र मी बघतो. तू दगड बघ." थोडा वेळ जपमाळ ओढत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण लवकर आण. हात अजून दुखतात."

मी तेल कोमट करून आणलं, आणि ह्यांच्यासमोर बसून आधी उजवा हात घेतला.